एक किलोमीटरच्या आत

आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठीचा, फॉर्म भरताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो बलूनपाशी. मुलाचं नाव, जन्मतारीख, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही माहिती भराभर भरून होते. मग नकाशा उघडतो आणि आपलं घर जिथे असेल तिथे तो बलून नेऊन ठेवायचा असतो. जास्तीत जास्त पाच वेळा तो हलवता येतो, त्यानंतर बसला तिथे बसला. पोर्टल त्या बिंदूपासून शाळेपर्यंतचं अंतर सरळ रेषेत मोजतं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार आधी, एक ते तीन किलोमीटरमधल्यांचा नंतर. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की सोडत.

नागपुरातल्या म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात जुन्या शेतांचे प्लॉट पाडून झालेले लेआउट सुरू होतात. इथलं घर नकाशात सापडणं सोपं नाही. गल्लीला नाव नसतं. प्लॉट नंबर असतो तो लेआउट पाडणाऱ्याने दिलेला, आणि शेजारच्या लेआउटमध्ये तोच नंबर पुन्हा असतो. "घर तं इथंच आहे मॅडम, पण यात दिसूनच नाही राहिलं," असं म्हणत एखादी आई माझ्या शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकावत असते. मग हनुमान मंदिर, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचं किराणा दुकान अशा खुणा धरत आम्ही तिचं घर शोधतो.

शहरातल्या एका जुन्या अनुदानित प्राथमिक शाळेत मी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर या भागात राहायला आले, आणि फॉर्मच्या दिवसांत आजूबाजूचे आईवडील दाराशी यायला लागले. धुणीभांडी करणाऱ्या बाया, सेंट्रिंगचं काम करणारे, ई-रिक्षा चालवणारे. त्यांच्यासोबत बसून फॉर्म भरता भरता माझी एक खात्री झाली आहे आणि ती सांगायची म्हणून हे लिहिते आहे. मूल पहिलीत कुठे बसणार हे ठरवायला आपण सोडतीची वाट पाहतो. ते ठरलेलं असतं त्याच्या कितीतरी वर्षं आधी, वस्ती वसली तेव्हा शाळेसाठी जमीन राखली गेली की नाही, तिथे.

आधी सोडतीबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या, आणि शाळा पूर्वप्राथमिकपासून असेल तर तिथल्या प्रवेशाच्या, किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. खासगी शाळा या तरतुदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ एप्रिल २०१२ च्या निकालात न्यायालयाने ती कायम ठेवली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आणि २०१४ मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याच्या बाहेर गेल्या. नागपुरातल्या मिशनऱ्यांच्या नावाजलेल्या जुन्या शाळांचे फलक पाहून पालक मला विचारतात, "ही शाळा यादीत काऊन नाही जी?" त्याचं उत्तर हे.

२०२५-२६ या वर्षासाठी राज्यात या योजनेत सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या. अर्ज आले ३ लाखांच्या वर. म्हणजे तिघांतलं एक. निकालाच्या दिवशी वस्तीत एकच प्रश्न असतो, "नंबर लागला का?" ज्यांचा लागतो त्यांना मेसेज येतो. ज्यांचा लागत नाही ते वेटिंगच्या यादीत नाव शोधतात आणि मग रोज विचारतात, वेटिंग किती सरकलं. सोडतीवर माझा राग नाही. ओळख, चिठ्ठी, देणगी, 'इंटरॅक्शन' नावाने चालणारी आईबापांची मुलाखत या सगळ्यांपेक्षा सोडत कितीतरी न्याय्य आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला कलम १३ ने मनाई केली आहे, पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरी गोड बोलून, खुर्ची देऊन, "आई काय करतात?" हे विचारलं जातंच. सोडतीला आई काय करते हे कळत नाही. तिची ही बाजू मला मोलाची वाटते.

पण सोडत असलेल्या जागा वाटते. नसलेली जागा तिला निर्माण करता येत नाही.

या गोष्टीकडे मी नीट पाहायला लागले ते २०२४ साली. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने अधिसूचना काढली, की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. पालकांनी फॉर्म उघडले तर ओळखीच्या इंग्रजी शाळांची नावं यादीतून गेलेली. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा नव्याने भरले गेले, १९ जुलैला न्यायालयाने अधिसूचना रद्द केली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. तोवर विदर्भातल्या शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. सहा वर्षांची मुलं दप्तर घेऊन घरात बसली होती आणि त्यांचे वडील रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर मला विचारत होते, "काही आलं का मॅडम?"

अधिसूचना रद्द झाली हे योग्यच झालं. संसदेने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने काढून घेता येत नाही. तरीही त्या काळात सरकारच्या बाजूने जो युक्तिवाद ऐकू यायचा, त्याने मला विचारात पाडलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत बाकं रिकामी आहेत, मग खासगी शाळांना पैसे का मोजायचे? राज्य सरकार आरटीईच्या एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये शाळेला देणं लागतं, आणि ते वर्षानुवर्षं थकतं म्हणून संस्थाचालक आरडाओरड करतात, तेही खोटं नाही. या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी बघायला हवं होतं, की बाकं रिकामी आहेत कुठे आणि मुलं राहतात कुठे. म्हणून मी आमच्या वस्तीपुरता तो विचार केला. घरून निघून शाळेत जाणारं पहिलीतलं पोर रिंग रोड न ओलांडता कोणत्या सरकारी शाळेत जाऊ शकेल? नाव आठवेना. शेजारपाजारच्यांना विचारलं. "गावात जुनी झेडपीची शाळा आहे", "तिकडे महालाकडे आहेत ना खूप" अशी उत्तरं आली.

महाल, इतवारी, गांधीबाग, सीताबर्डी हा जुन्या नागपूरचा गाभा. तिथे चार गल्ल्या चालल्या की शाळेची इमारत दिसते. याला इतिहास आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा, १९२० साली, या प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचं शिक्षण सुरू करण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. त्याआधी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं निवेदन दिलं होतं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते प्रत्यक्ष सुरू केलं. त्या पिढ्यांची समजूत सरळ होती. मूल शाळेत यायला हवं तर शाळा त्याच्या पायांच्या टप्प्यात हवी. त्या समजुतीतून ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्या तेव्हाच्या शहरात उभ्या राहिल्या. शहर नंतर दक्षिणेला आणि पूर्वेला पसरलं. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा, कळमना. शाळा मागे राहिल्या.

आता ज्या जमिनीवर हे नवं शहर उभं आहे तिच्याकडे वळते, कारण माझ्या मते गाठ तिथे आहे.

नागपुरात कोणाही प्लॉटधारकाला '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' म्हणजे काय ते विचारा, तो सांगेल, की ही परवानगीविना पडलेल्या लेआउटच्या याद्यांची नावं आहेत. शेतकऱ्याकडून शेत घ्यायचं, अकृषक परवानगीच्या भानगडीत न पडता त्याचे हजार-बाराशे चौरस फुटांचे तुकडे पाडायचे, मुरूम टाकून रस्ता दाखवायचा आणि विकायचं, या पद्धतीने शहराचा मोठा भाग वसला. कष्टाचे पैसे साठवून ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा परवडली नसती त्यांनी हे प्लॉट घेतले, आणि त्यांच्याकडे मी दोषाने पाहत नाही. पुढे २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. नागपूर सुधार प्रन्यासाने डिमांड नोट काढल्या, विकास शुल्क भरून घेतलं आणि नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल, दिलं. आजही प्लॉट विकत घेताना पहिला प्रश्न असतो, "आरएल आहे का?"

आरएल मिळालं की घर कायदेशीर झालं. सांडपाण्याची गडर लाइन आली, नळ आला, डांबरी रस्ता आला. शाळा मात्र आली नाही, कारण तिच्यासाठी जमीनच उरलेली नव्हती. मंजुरी घेऊन पाडलेल्या लेआउटमध्ये मोकळी जागा आणि सार्वजनिक उपयोगाची जागा सोडावी लागते. शेताचे तुकडे करून विकणाऱ्याने ती सोडलीच नाही, किंवा कागदावर दाखवून पुढे तीही विकली. ज्यांना नियमित करायचं होतं त्यांच्यापुढे घरं होती. शाळेची जागा तिथे नव्हतीच, मग तिला नियमित कोण करणार?

दुसरा रस्ता विकास आराखड्याचा. शहराच्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी, खेळाच्या मैदानासाठी, दवाखान्यासाठी जमिनी राखीव ठेवलेल्या असतात. नकाशावर त्या रंगाने दाखवलेल्या असतात, बघायला छान वाटतं. पण राखीव म्हणजे ताब्यात घेतलेली नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत, पूर्वी १२ महिने होती ती आता २४ महिने आहे, संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. जमीन मालकाला मोकळी होते. मालकाची यात काय चूक? त्याची जमीन दहा वर्षं अडकवून ठेवायची आणि मोबदलाही द्यायचा नाही, हे चालणारच नाही. चूक दहा वर्षं काहीच न करणाऱ्याची आहे. पण शिक्षा भोगतं ते पुढे कधीतरी त्या वस्तीत जन्माला येणारं मूल, आणि त्याला हे कधी कळतही नाही. शाळा बंद झाली तर निदान बातमी येते, चार लोक मोर्चा काढतात. जी शाळा झालीच नाही तिच्यासाठी कोण मोर्चा काढणार?

मग रिकामी जागा भरली कोणी? आमच्याकडे ज्याला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात त्यांनी. दोन मजली घराच्या खालच्या मजल्यावर, भिंतीवर कार्टून रंगवून, केजी वन आणि केजी टू. ज्या संस्थेकडे पैसा होता तिने बाजूचे प्लॉट घेतले आणि दहावीपर्यंतची शाळा उभी केली. मी या शाळांना नावं ठेवत नाही. पालकांना त्यांनी जवळ शाळा दिली, जी दुसऱ्या कोणी दिली नव्हती. पण त्यांच्या प्रवेशाची रीत अशी असते, की तीन वर्षांचं मूल नर्सरीत किंवा साडेतीन-चार वर्षांचं केजी वनला आलं की तेच पुढे सरकत पहिलीत जातं. म्हणजे पहिलीची जागा दोन-तीन वर्षं आधी भरलेली असते. ज्याला तेव्हा फी परवडली नाही, किंवा जो मजूर मूल पाच वर्षांचं झाल्यावर भंडारा-बालाघाटकडून इथे आला, त्याच्यासाठी उरते ती एक खिडकी, आरटीईची. त्या एका खिडकीवर सगळी वस्ती लोटते, आणि आपण म्हणतो, पाहा, आरटीईला किती प्रतिसाद.

कायद्याची बाकीची कलमं मी निवृत्त झाल्यावर शांतपणे वाचली. कलम १२ बद्दल सगळे बोलतात. त्याच्या आधी कलम ६ आहे. त्यात म्हटलं आहे, की ज्या परिसरात शाळा नाही तिथे सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणाने कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत शाळा स्थापन करायची. तीन वर्षं म्हणजे ३१ मार्च २०१३. परिसर म्हणजे किती, तर पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून चालत एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. 'चालत' या शब्दापाशी मी थांबले. पोर्टलचं अंतर पक्ष्याचं आहे. नियमाचं अंतर लेकराचं आहे. नाल्यावर पूल नसेल, मधून रेल्वेलाइन किंवा ट्रक धावणारा रिंग रोड जात असेल, तर नकाशातले आठशे मीटर लेकराला दोन किलोमीटर पडतात.

कायदा करणाऱ्यांच्या मनात कलम १२ हे एकत्र शिकण्यासाठी होतं. श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर एका बाकावर बसावं, एवढाच त्याचा हेतू. सगळ्या गरीब मुलांची सोय त्याने व्हावी अशी अपेक्षा नव्हती, पंचवीस टक्क्यांत ती होणारही नाही. ती सोय कलम ६ ने व्हायची होती. ते झालं नाही आणि सगळा भार बाराव्या कलमावर आला.

माझ्या काही जुन्या सहकारी यावर म्हणतात, "अगं, शाळा काढून काय करशील? मनपाच्या आहेत त्यांनाच पट नाही." त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मनपाच्या कितीतरी शाळा पटसंख्या घटली म्हणून बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिसळल्या. अनुदानित शाळांचीही तीच अवस्था. एप्रिल-मेच्या नागपूरच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, आम्ही शिक्षिका झोपडपट्टीत घरोघर मुलं मागत फिरलो आहोत. "बाई, तुमच्या शाळेत इंग्रजी आहे का?" हा एक प्रश्न प्रत्येक उंबरठ्यावर यायचा. कुठलीही आई मराठी वाईट आहे असं म्हणाली नाही. तिचं म्हणणं होतं, की ज्या घरात ती भांडी घासते त्या घरातली मुलं ज्या भाषेत शिकतात, तीत तिचंही मूल शिकावं. मी स्वतः मराठीतून शिकवलं, पहिलीचं मूल मातृभाषेतच फुलतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी त्या आईला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यात वर्गाला शिक्षक एक, आणि तोही कधी निवडणुकीच्या यादीवर, कधी सर्वेक्षणावर. पट घटला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की पट आणखी घटतो.

पण सरकारी शाळा नकोच असं लोक म्हणतात, हे मला मान्य नाही. २०२१ मध्ये मनपाने शहरातल्या सहाही विधानसभा मतदारसंघांत एकेक इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू केली, आकांक्षा फाउंडेशनला सोबत घेऊन. ज्या घरांतून "मनपाची शाळा नको" असं उत्तर आम्हाला मिळायचं, तशाच घरांतले पालक तिथल्या प्रवेशाची चौकशी करायला माझ्याकडे येतात. लोकांना सरकारी शाळा नको नसते. शिकवणारी शाळा हवी असते, फुकट असली तर उत्तमच, आणि जवळ हवी असते. एका मतदारसंघाला एक शाळा ही सुरुवात म्हणून चांगली आहे. एका मतदारसंघात किती एक किलोमीटर मावतात याचा हिशेब कुणीतरी करायला हवा.

कागदांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण जागा थोड्या असल्या की कागद कठोर होतात. खुल्या गटातल्या दुर्बल कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. महिन्याला आठ हजार तीनशे. नागपुरात नवरा मिस्त्रीकाम करतो आणि बायको चार घरी जाते, अशा कुटुंबाची कमाई त्याहून जास्त होते, आणि त्यात खोलीचं भाडं, गॅस आणि सासूचं औषध भागवून कॉन्व्हेंटची फी निघत नाही. खरं बोलणारा बाहेर राहतो. ज्याला दाखला 'करून' देणारा भेटतो तो आत येतो. २०२४ साली नागपुरात बनावट कागदांवर आरटीई प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. खोटा पत्ता देऊन गरिबाची जागा घेणाऱ्या सधन माणसावर कारवाई झालीच पाहिजे, त्यात मला दुमत नाही. ज्या पोराची ती जागा होती त्याला मी ओळखते, असंच मला दरवेळी वाटतं.

पत्त्याचं तर आणखी अवघड आहे. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घरमालक नोंदणीला तयार नसतो, त्याला कराची भीती, भाडेकरू ठाण मांडेल ही भीती. "मॅडम, मालक म्हणे राहायचं तं राहा, कागद मागू नको." ज्या कुटुंबाकडे स्वतःचं घर नाही त्याला आरटीईची गरज सगळ्यात जास्त, आणि राहतो कुठे हे सिद्ध करणं त्यालाच सगळ्यात कठीण. बांधकामावर राहणारी कुटुंबं तर माझ्यापर्यंत येतच नाहीत. इमारत पूर्ण झाली की त्यांचा पत्ता बदलतो. कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नका असं कलम १४ मध्ये आहे. जवळ सरकारी शाळा असती तर यातल्या कोणालाच भाडेकरार दाखवावा लागला नसता. नाव सांगायचं आणि वर्गात बसायचं.

आणि नंबर लागला म्हणजे सगळं झालं असंही नाही. हक्क आठवीपर्यंत आहे. सोडतीतून मोठ्या शाळेत गेलेली मुलं आता नववीला पोचली आहेत. आठवीचा निकाल लागतो आणि घरी फीचा आकडा येतो, पूर्ण. ज्या मुलीला मी तिच्या आईच्या कडेवर पाहिलं, जिचा फॉर्म आम्ही मिळून भरला होता, तिला आठ वर्षांपासूनच्या मैत्रिणी सोडून दुसरी शाळा शोधावी लागली. ती हुशार आहे, निभावेल. तिच्या आईने मला विचारलं, "नववीत मोठी झाली म्हणून गरिबी संपते का मॅडम?" मी त्या दिवशी अनुदानित शाळांची यादी काढून बसले. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.

अलीकडे मी वेगळ्या कामाला लागले आहे. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे बालकाच्या शिक्षणाच्या हक्काबाबत कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. पालकच असायला हवं अशी अट नाही. प्राधिकरणाने संबंधितांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. शिवाय विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. आपल्याकडे त्या प्लॉटवाले देतात, आपला प्लॉट आरक्षणातून सोडवा म्हणून. शाळेचं आरक्षण इथे टाका म्हणून सूचना देणारं कोणी आमच्या भागात मला अजून भेटलेलं नाही.

त्यामुळे यंदा फॉर्म भरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दुसऱ्या एका कागदावर सही करायला सांगते. अर्ज साध्या मराठीत आहे. वर वस्तीचं नाव, खाली सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची घरवार यादी. नियमाला किमान वीस मुलं लागतात. आमच्या दोन गल्ल्यांतच त्याहून जास्त निघाली. मागणी अशी लिहिली आहे: आमच्या घरांपासून चालत एक किलोमीटरच्या आत पहिलीचा वर्ग असलेली सरकारी शाळा कोणती, तिचं नाव आणि पत्ता लेखी कळवावा. नसल्यास कलम ६ प्रमाणे ती कधी आणि कोणत्या जागेवर सुरू होणार, ते कळवावं. कुणाला आपल्या लेआउटसाठी हा मसुदा हवा असेल तर घेऊन जावा, वस्तीचं नाव बदललं की झालं. मुलांची यादी मात्र स्वतः दारोदार फिरून करा, आणि भाड्याच्या खोल्या व बांधकामावरची शेड त्यातून सोडू नका.